मुरबाड रेल्वे स्थानक, रविवारी बंद

भूक आणि तहान यांच्यानंतर माहिती ही माणसाची तिसरी गरज आहे. हे वाक्य मी गेली बावीस वर्षं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या दारावर लावून ठेवलं आहे. खाली माझं नाव आहे: हरेश विशे, ग्रंथपाल. या बावीस वर्षांत त्या दारातून आत आलेले बहुतेक लोक पंख्याखाली बसायला आले. उरलेल्यांनी मुतारी कुठं आहे ते विचारलं. ती मी सांगितली. तीही माहितीच.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते माहितीच्या भुकेपोटी झालं असं मी घरात आणि कॉलेजात सांगत आलो आहे. ते खरं नाही. ते मानापोटी झालं.

आमचा मुलगा स्वरूप मुलुंडला एका कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. असतो म्हणजे तिथं राहत नाही. राहतो मुरबाडलाच. पहाटे पावणेपाचच्या एस.टी.नं कल्याणला जातो, तिथून रेल्वेनं पुढं, आणि रात्री घरी येतो तेव्हा त्याच्याशी बोलायचं ते दोन वाक्यांत उरकावं लागतं. तिसऱ्या वाक्याला त्याचे डोळे मिटतात. एका रविवारी मात्र तो जागा होता, आणि त्यानं माझ्या फोनमध्ये एक नवीन सर्च इंजिन टाकून दिलं.

"बाबा, नवीन आलंय. मराठीत विचारायचं, मराठीत उत्तर देतं."

त्याचं नाव होतं 'गवसलं'. खाली ब्रीदवाक्य: विचारा, गवसलं समजा.

मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. ग्रंथपालाला हे करावंच लागतं. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला एकदा दोन दिवस आणि एक शिडी लागली होती, तो प्रश्न मी त्याला विचारला. अर्ध्या सेकंदात तीन परिच्छेद आले. त्यातला तिसरा साफ चूक होता, पण तो पहिल्या दोघांच्याच सुरात सांगितलेला होता. चूक सांगताना सूर न बदलणं फार थोड्या माणसांना जमतं, आणि ती माणसं पुढं निवडणुकीला उभी राहतात. मी प्रभावित झालो.

मग मी तेच केलं जे कुठलाही सभ्य माणूस खोलीत दुसरं कोणी नसताना करतो. स्वतःचं नाव टाकलं.

'हरेश विशे, मुरबाड: गवसलं नाही. तुमच्या जवळ गवसलेली व्यक्ती: अनंता घुडे, मुरबाड.'

सोबत फोटो. शाल, नारळ, हार आणि हारामागं अनंता.

अनंता घुडे म्हणजे आमचे शेजारी. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून कुठली गाडी कधी सुटेल हे सांगायचं, आणि ती सुटली नाही की का सुटली नाही हेही सांगायचं, असं तीस वर्षं केलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोप समारंभाचा व्हिडिओ पुतण्यानं कुठंतरी चढवला, आणि अनंता जगाला गवसले. या गृहस्थांनी आयुष्यात वेळापत्रकाखेरीज काही वाचलेलं नाही. त्यात माझी हरकत नाही. पण बावीस वर्षं बारा हजार पुस्तकं सांभाळणारा माणूस गवसू नये आणि त्याच्या जागी शेजारी गवसावा, याला काही अर्थ आहे?

पानाच्या तळाशी लिहिलं होतं: 'तुम्ही इथं नाही? नोंद करा.'

कुंपणापलीकडून अनंता बघत होते. ते नेहमीच बघत असतात. निवृत्तीनंतर त्यांना खिडकी उरली नाही, म्हणून त्यांनी आमचं कुंपण घेतलं आहे.

"सर, फॉर्म भरताय? 'व्यक्ती' नका निवडू. व्यक्तीला कागद लागतात. 'ठिकाण' निवडा. ठिकाणाला कोणी काय विचारत नाय. अहो, डेपोत मी तीस वर्षं बघितलंय, माणसाला पास लागतो, बोर्डाला लागत नाय."

बघितलं तर खरंच व्यक्तीसाठी सात कागद हवे होते. ठिकाणासाठी फक्त नाव, पत्ता, फोन आणि वेळ. मी ठिकाण झालो. नाव लिहिलं, फोन लिहिला, वेळ ग्रंथालयाची टाकली: सकाळी नऊ ते पाच, रविवारी बंद. आणि पत्ता लिहिला तो चोवीस वर्षं लिहीत आलो तोच: प्लॉट सात, नियोजित रेल्वे स्टेशनसमोर, मुरबाड.

इथं जरा थांबून सांगायला हवं. मुरबाडला रेल्वे नाही. येणार आहे. ती येणार आहे हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो. प्लॉट विकणाऱ्यानं मला एका रिकाम्या माळासमोर उभं केलं, हात असा लांब फिरवला आणि म्हणाला, "सर, हे तुमचं स्टेशन. दात घासत गाडी पकडाल." तेव्हापासून आमच्या वीजबिलावर, रेशनकार्डावर, स्वरूपच्या शाळेच्या दाखल्यावर हाच पत्ता आहे. पोस्टमन एकदाही चुकला नाही. आमच्याकडे नियोजित गोष्टीसमोर राहणं फार सोयीचं असतं, कारण ती गोष्ट जागेवरून हलत नाही.

'गवसलं'ला हे मान्य नव्हतं. फॉर्म लाल झाला. 'नियोजित हा शब्द स्वीकारता येत नाही. रेल्वे स्टेशन: आहे / नाही. एक निवडा.'

मी दहा मिनिटं विचार केला. 'नाही' निवडून पाहिलं, तर पत्ता 'अपूर्ण' झाला. म्हणजे स्टेशन नसेल तर त्याच्यासमोरचं माझं घरही नाही. चोवीस वर्षं घरपट्टी भरलेला माणूस हे कसं मान्य करील? मी 'आहे' निवडलं. आमच्या संबंध तालुक्यानं जो प्रश्न इतकी वर्षं मोकळा ठेवला होता, तो मी अंगठ्यानं निकाली काढला आणि चहा प्यायलो.

दोन दिवसांनी संदेश आला. 'अभिनंदन! तुमच्या पत्त्यावर दोन ठिकाणं आढळली. तुमच्या सोयीसाठी आम्ही ती एकत्र केली आहेत.'

उघडून बघितलं. 'मुरबाड रेल्वे स्थानक. संपर्क: हरेश विशे. वेळ: सकाळी ९ ते ५. रविवारी बंद.'

पहिला फोन सकाळी सहाला आला. बाईंना नाशिकला जायचं होतं. मी सांगितलं, इथं रेल्वे नाही. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही तिथं काय करताय?" असा प्रश्न सकाळी सहाला विचारू नये. मी फोन ठेवून दिला. दुपारपर्यंत अकरा फोन झाले. एकाला जनरलचा डबा पुढं येतो की मागं ते हवं होतं. एकाची छत्री गाडीत राहिली होती.

बाहेरगावच्या माणसाचं एक वेळ समजू शकतो. पण कोंडू! कोंडू आमचा दूधवाला. रोज त्याच माळावरून येतो, म्हशी त्याच माळावर चारतो. तो फाटकात उभा राहून म्हणाला, "सर, स्टेशान चालू झाला म्हने?"

"कोंडू, तू आत्ता कुठून आलास?"

"मालावरशी."

"तिथं स्टेशन दिसलं?"

तो जरा विचारात पडला. "नाय दिसला. पन माजा ध्यान नसंल."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. आमची माणसं इतकी वर्षं 'येणार' ऐकत आलीत, की 'आलं' हे सांगायला कुणी तरी हवं होतं एवढंच. डोळ्यांचं मत कुणी विचारत नव्हतं.

मी तक्रार केली. 'गवसलं'मध्ये तक्रारीची सोय आहे, ती फार नम्र आहे. मी लिहिलं: सदर स्थानक अस्तित्वात नाही. उत्तर आलं: 'आमच्या नोंदीनुसार स्थानक अस्तित्वात असल्याचं आपणच कळवलं होतं. आपल्या योगदानाबद्दल आभार.' मी लिहिलं: चुकून कळवलं. उत्तर: 'स्थानक बंद करण्यासाठी संबंधित विभागाचा कागद जोडा.'

तेव्हा मी अर्धी रजा टाकली, जीपनं आणि मग रिक्षानं रेल्वेच्या एका स्टेशनात गेलो. स्टेशनचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसाची काहीच चूक नव्हती. त्यानं माझं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला दाखला पाहिजे, की मुरबाडला स्टेशन नाही."

"हो."

"काका, आमच्याकडे असलेल्या स्टेशनांची यादी आहे. नसलेल्यांची ठेवत नाही. ती फार मोठी होईल."

मी असलेल्यांची यादी घेतली. तिच्यात मुरबाड नव्हतं. घरी येऊन तिचा फोटो जोडला. आठवड्यानं उत्तर आलं: 'यादी अपूर्ण असल्याचं निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार.'

दरम्यान फोनचं काय करायचं हा प्रश्न अनंतांनी सोडवला. एका संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर आमच्या ओट्यावर टेबल, टेबलावर वही, वहीमागं अनंता. माझा फोन घरी विसरला होता तो त्यांच्या कानाला.

"मुरबाड चौकशी. हां, बोला. नाय, आत्ता कुठलीही गाडी लागलेली नाय. किती वेळ ते सांगता येणार नाय. पुढची सूचना होईपर्यंत प्रवाशांनी जीपचा लाभ घ्यावा."

फोन ठेवून त्यांनी वहीत नोंद केली. दोन वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका तुकतुकीत पाहिला नव्हता.

"अहो अनंता, खोटं काय सांगता?"

"यात खोटं काय आहे सर? गाडी लागलीय का? नाय. मी तेच सांगतो. तुमी 'रेल्वेच नाय' म्हणून सांगता, माणूस वाद घालतो. मी 'आत्ता नाय' सांगतो, माणूस थँक्यू म्हणतो."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

अनंतांनी जीपचं नाव घेतल्यावर जीप आलीच. किशोर नावाचा एक जीपवाला आमच्या फाटकासमोर येऊन "कल्याण, कल्याण, स्टेशनवरून कल्याण" असं ओरडू लागला. एक जीप उभी राहिली की दुसरी राहते, हा निसर्गनियम आहे. पंधरवड्यात पाच जीपा झाल्या. जीपांना माणसं आली. माणसांना चहा लागला, तेव्हा कोंडूनं विचार केला की हे दूध घरोघर घालत हिंडण्यात काय हशील आहे. त्यानं आमच्या कुंपणाला ताडपत्री बांधून स्टोव्ह पेटवला. आम्हाला दूध मिळायचं बंद झालं. हवं तर चहा मिळे.

अशा रीतीनं माझ्या घरासमोर चौकशी, वाहनतळ आणि उपाहारगृह असलेलं स्टेशन झालं. त्यात फक्त रेल्वे नव्हती, आणि तिची कुणाला उणीव भासत नव्हती. 'गवसलं'वर लोकांनी तारे दिले. पाचपैकी चार पूर्णांक एक. अभिप्रायही होते. 'शांत स्थानक.' 'चहा उत्तम.' 'बसायला जागा मिळते.' 'गाडी आली नाही पण काकांनी नीट सांगितले.' कॉलेजात प्राचार्य मला मास्तर म्हणू लागले. आधी सर म्हणत. मास्तर कुठले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इतकं सगळं मी सहन केलं असतं. मध्यमवर्गीय माणसाची सहनशक्ती ही त्याची एकमेव शिल्लक आहे. पण मग स्वरूपचं लग्न मध्ये आलं.

स्वरूप एकोणतीसचा झाला. मुलगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे. व्यसन करायला जागं राहावं लागतं. त्याला नऊ ठिकाणांहून नकार आला होता, आणि नऊच्या नऊ नकारांचं कारण एकच. हल्लीच्या मुली नोकरी करतात. वाशिंद, आसनगाव, खर्डी, कुठलीही असो, मुलगी ठाण्याला नाहीतर मुंबईला जाणारी. मध्यस्थानं मुरबाड म्हटलं की पलीकडून विचारणा व्हायची, "मुरबाड? मग ती कामाला जाणार कशी?" इथं बोलणी थांबायची. पत्रिका बघण्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. आठव्या नकारानंतर स्वरूप आईला म्हणाला होता, "आता नको बघत जाऊस. मला सकाळी लवकर उठायचं असतं." स्नेहल, म्हणजे आमची मंडळी, त्या दिवशी स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी घासत होती. घासलेलीच.

दहावं स्थळ खर्डीचं होतं. मुलगी मिताली, ठाण्याला एका लॅबमध्ये. मध्यस्थानं नेहमीप्रमाणे विचारलं, तिकडून नेहमीप्रमाणे नकार आला. आणि चार दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या मुलीनं 'गवसलं'वर आमचा पत्ता टाकून बघितला होता.

"घरासमोरच स्टेशान हाय म्हने तुमच्या," ते म्हणाले. त्यांचं नाव धर्माभाऊ. "रविवारी येतो आमी घर बगायला."

मी "अहो, त्याचं असं आहे" एवढं म्हणालो, तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला.

नेमक्या त्याच संध्याकाळी 'गवसलं'चा संदेश आला. पाचव्या तक्रारीचा निकाल लागला होता. 'आपली विनंती मान्य. स्थानक बंद करण्यासाठी खालचं बटण दाबा.'

स्नेहलनं संदेश वाचला. मग फोन घेतला, साडीच्या घडीत ठेवला आणि कपाट लावलं.

"रविवारपर्यंत दाबायचं नाही."

"अगं, पण ते फसवणं होईल."

"आपण काय केलंय? तुम्ही एक पत्ता लिहिलात. पत्ता खराच आहे. ते येऊ देत, घर बघू देत, मुलगा बघू देत. एकदा माणूस उंबऱ्याच्या आत आलं की पुढचं बघता येतं. नऊ जण बाहेरूनच गेले, अहो."

अनंतांनी कुंपणावरून दुजोरा दिला. "वहिनी बरोबर बोलतात. प्रवासी आधी गाडीत बसवायचा. गाडी बिघडलीय हे टिटवाळ्याच्या फाट्यावर सांगायचं."

मी माहितीच्या क्षेत्रातला माणूस. शुक्रवारी मी कपाटाची किल्ली शोधली, फोन काढला आणि धर्माभाऊंना सांगून टाकायचं ठरवलं. तीनदा नंबर लावला. दोनदा मीच कापला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि मी विचारलं, "येताना किती जण असाल?" ते म्हणाले, तिघं. मी फोन पुन्हा साडीत ठेवला. स्वरूप पलंगावर डब्याची पिशवी खांद्याला तशीच ठेवून झोपला होता.

रविवारी अकराला किशोरच्या जीपमधून धर्माभाऊ, त्यांची बायको आणि मिताली उतरली. किशोर सवयीनं ओरडला, "चला, स्टेशन आलं!" मी फाटकात उभा होतो. त्या जीपखाली जाता आलं असतं तर बरं, असं वाटून गेलं.

धर्माभाऊ उंच, काटक, कमरेत किंचित वाकलेले. ते आत आलेच नाहीत. आधी जीपा मोजल्यासारखं बघितलं. कोंडूच्या टपरीकडे बघितलं. ओट्यावर अनंता बसले होते. रविवारी बंद असूनही त्यांनी खास इस्त्रीचा शर्ट घातला होता. मग धर्माभाऊ माळाच्या कडेला गेले, खाली बसले आणि गवत हातानं बाजूला सारून बघू लागले.

स्नेहल माझ्या कानात म्हणाली, "काय शोधतायत?"

मला माहीत होतं. रूळ. मी त्यांच्यामागं गेलो.

"भाऊ," मी म्हणालो, "इथं स्टेशन नाही. कधीच नव्हतं. मी फोनवर चुकीचं लिहिलं, आणि मग खरं सांगायचं धाडस झालं नाही. मुलाचं लग्न जमत नाही म्हणून गप्प बसलो."

बोलताना माझा आवाज चिरका झाला होता, याची मला अजून लाज वाटते. ग्रंथालयात मी चौतीस मुलांना एका शब्दात गप्प करतो.

धर्माभाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले.

"म्हाईत हाय मास्तर. मी रेल्वेतच व्हतो. चौतीस वर्सं रूल तपासत चाललो, खर्डी ते कसारा. मुरबाडला रूल टाकला असता तर मला कोन सांगितला नसता का?"

"मग आलात कशाला?"

"ते तारे बगायला." ते एकदम दुखावल्यासारखे झाले. "मी जिथं जनम काढला त्या स्टेशानाला त्या फोनात तीन पॉइंट दोन हाय. आनि तुमच्या नसलेल्या स्टेशानाला चार पॉइंट एक. मी म्हटला, हे बगूनच येऊ, असा काय हाय ह्यांच्याकडं जे आमच्याकडं नाय."

ओट्यावरून अनंता म्हणाले, "वक्तशीरपणा."

"गाडीच नाय तर लेट कशी व्हईल?" धर्माभाऊ कडाडले.

"तेच म्हणतोय मी. आमच्याकडं आजवर एकही गाडी लेट नाय."

"तुमी यस्टीतले ना? तरीच. तुमची गाडी घाटात पंक्चर व्हते, आनि बोर्डावर लिवता 'सुटली'."

"सुटलेलीच असते ती. पोचल्याचं आमी कुठं लिवतो?"

दोघं अर्धा तास बोलत बसले. धर्माभाऊंनी अनंतांची वही तपासली, दोन ठिकाणी वेळ लिहायची राहिल्याचं दाखवून दिलं, आणि शेवटी कोंडूचा चहा पिऊन म्हणाले, "चहाला मात्र पाच द्यायला पायजे." मग चपला काढून घरात आले. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला होता. स्नेहलनं माझ्याकडे बघितलं नाही, पण पोहे मोठ्या बशीत वाढले.

मितालीला खिडकीजवळची खुर्ची मिळाली होती. स्वरूप समोर बसला होता, झोप झालेली असल्यामुळे जरा अनोळखी दिसत होता. तिनं पोह्यातली मिरची बाजूला काढली आणि विचारलं, "तुम्ही घरातून किती वाजता निघता?"

"साडेचार. पावणेपाचची एस.टी. असते."

"आणि मुलुंडला?"

"साडेसात."

"परत?"

"नऊ होतात. कधी साडेनऊ."

"किती वर्षं?"

"सहा."

तिनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग तुम्ही स्टेशनजवळ खोली घेऊन का राहत नाही?"

बाहेर किशोर कल्याण, कल्याण ओरडत होता. स्वरूपनं माझ्याकडे बघितलं, मी स्नेहलकडे बघितलं, स्नेहलनं भिंतीकडे बघितलं. सहा वर्षं, नऊ नकार, आणि हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. आम्ही स्टेशन इथं येण्याची वाट बघत होतो. माणूस स्टेशनकडे जाऊ शकतो हे मी बारा हजार पुस्तकांपैकी एकातही वाचलं नव्हतं.

"कुणी विचारलंच नाही," स्वरूप म्हणाला.

"मी विचारतेय ना," मिताली म्हणाली.

धर्माभाऊ पोहे खाताखाता म्हणाले, "ती अशीच हाय. लहानपनापासून. फाटक बंद असला तरी विचारायची, का बंद हाय."

ते गेल्यावर मी कपाटातून फोन काढला आणि बटण दाबलं. उत्तर लगेच आलं: 'मुरबाड रेल्वे स्थानक तात्पुरतं बंद आहे.' मी पुन्हा तक्रार केली नाही. तात्पुरतं बंद हे तसं बरोबरच आहे, फक्त ते आधी चालू असायला हवं होतं.

अनंता अजून ओट्यावर बसतात. त्यांनी आपला नंबर जीपांवर लिहून घेतला आहे, फोन आता त्यावर येतात. जीपा सातच्या आत लागतात, मीही कॉलेजच्या फाट्यापर्यंत त्यातलीच एक धरतो. कोंडूनं ताडपत्रीच्या जागी पत्रा घातला आहे. माझं नाव टाकलं तर 'गवसलं नाही' असंच येतं, आणि खाली अनंतांचा फोटो. तो आता नवीन आहे, टेबलामागचा.

लग्न वैशाखात झालं. पत्रिकेवर आमचा पत्ता छापताना 'नियोजित' शब्द मी तीन वेळा तपासून घेतला.

स्वरूप आणि मिताली वाशिंदला राहतात. भाड्याची जागा आहे, दुसरा मजला. स्टेशन चालत चार मिनिटांवर आहे.